एका विजेतेपदाला किती विजय? सुपरक्रॉस-मोटोक्रॉसच्या कारकिर्दी आकड्यांत मांडताना

मातीचा_वास :

नमस्कार मंडळी. रस्त्यावरच्या शर्यतींवर इथे भरपूर लिहून झालंय, मातीतल्या शर्यतींवर मात्र एखाद-दुसराच धागा सापडतो, म्हणून हा काढतोय.

माझ्याकडे एक दोनशेपानी वही आहे. अमेरिकेतल्या एएमए (तिथली मोटारसायकल संघटना) सुपरक्रॉसचे, म्हणजे स्टेडियममध्ये माती ओतून केलेल्या ट्रॅकवरच्या मोटारसायकल शर्यतींचे निकाल मी तीत २००७ पासून उतरवतो, आणि त्याआधीची वर्षं मागे जाऊन भरून घेतली आहेत. तिकडे शनिवारी रात्री शर्यत होते तेव्हा आपल्याकडे रविवारची सकाळ असते. घरात पोहे होईपर्यंत मेन इव्हेंट (रात्रीची अंतिम शर्यत) संपलेला असतो आणि पोहे गार होईपर्यंत माझं वहीत लिहून झालेलं असतं. मागच्या आठवड्यात वहीची शिलाई सुटली म्हणून सगळं नव्या वहीत घ्यायला बसलो, आणि तेव्हा एक गोष्ट डोळ्यांत भरली.

नेहमीचा वाद एकूण विजयांवर चालतो. मोठ्या वर्गात, म्हणजे पूर्वीचा २५० सीसी टू-स्ट्रोक आणि आताचा ४५० सीसी, जेरेमी मॅकग्राथचे ७२ विजय. ईलाय टोमॅकने २०२३ मध्ये जेम्स स्टुअर्टला मागे टाकलं आणि तो हंगाम ५१ वर संपवला (त्याचे त्यानंतरचे विजय मी या हिशेबात धरलेले नाहीत). स्टुअर्ट ५०, रिकी कार्मायकल ४८, चॅड रीड ४४, रायन व्हिलोपोटो ४१, रायन डन्जी ३४. दुसरा गट विजेतेपदं मोजतो. मॅकग्राथ ७, कार्मायकल ५, व्हिलोपोटो आणि डन्जी प्रत्येकी ४, आणि स्टुअर्ट, रीड, टोमॅक तिघेही २.

मी फक्त पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागलं. एका विजेतेपदामागे किती शर्यती जिंकाव्या लागल्या? मॅकग्राथ १०.३, कार्मायकल ९.६, व्हिलोपोटो १०.२, डन्जी ८.५. मागे जाऊन बॉब हॅना काढला, २७ विजय आणि १९७७ ते ७९ अशी ३ विजेतेपदं, म्हणजे ९. सगळे दहाच्या आगेमागे. आणि मग एकदम स्टुअर्ट २५, टोमॅक २५.५, रीड २२. मध्ये जवळजवळ कुणी नाही. १४ वर एकटा रिकी जॉन्सन उभा आहे, २८ विजय आणि २ विजेतेपदं.

मला वाटतं हा आकडा नुसत्या विजयांपेक्षा आणि नुसत्या विजेतेपदांपेक्षा जास्त बोलतो. ज्याला दहात एक मिळालं त्याला हंगाम कसा राखायचा ते कळलं होतं. ज्याला पंचवीसात एक मिळालं तो प्रत्येक रात्र शेवटची समजून चालवत होता. बोला.


कोल्हापुरी_क्लच :

भारी धागा, भाऊ. पण रांगडं बोलतो, राग मानू नका. हा आकडा बघून स्टुअर्ट डन्जीपेक्षा खाली वाटायला लागतो, आणि ते मला पटत नाही. २००७ मध्ये गड्याने १६ पैकी १३ शर्यती मारल्या. २००९ ला १७ पैकी ११. डन्जीने कुठल्या हंगामात असं केलंय? त्याचा सगळ्यात मोठा हंगाम २०१६ चा, ९ विजयांचा.

आणि २००८ चं आउटडोअर, म्हणजे उघड्या मैदानांवरचं मोटोक्रॉस, विसरू नका. बारा मैदानं, प्रत्येकी दोन शर्यती म्हणजे चोवीस मोटो, चोवीसच्या चोवीस पहिला. त्याच वर्षी जानेवारीत गुडघा गेला म्हणून सुपरक्रॉसचा हंगाम सोडावा लागला होता. त्या गुडघ्याची शस्त्रक्रिया करून आल्यावर हे केलं.


पहिला_गिअर :

क्लच, चोवीसपैकी चोवीस मान्य. पण समोर कोण होतं तेही बघायला पाहिजे ना? कार्मायकल २००७ मध्येच थांबला होता आणि व्हिलोपोटो तेव्हा अजून लहान (कमी सीसीच्या गाड्यांच्या) वर्गात होता, २००८ चं लहान वर्गाचं विजेतेपद त्यानेच घेतलं. कार्मायकलने हेच दोनदा केलंय, २००२ मध्ये टू-स्ट्रोकवर आणि २००४ मध्ये फोर-स्ट्रोकवर. दोन वेगळ्या जातीच्या इंजिनांवर निर्दोष हंगाम. टू-स्ट्रोकला ताकद एका अरुंद पट्ट्यात मिळते, क्लच सतत बोटाखाली ठेवावा लागतो. फोर-स्ट्रोक खालपासून ओढते आणि गॅस सोडला की इंजिनच ब्रेक लावतं. मी दोन्ही चालवल्या आहेत, अर्थात साध्या मैदानावर. एकीवरून दुसरीवर गेलं की वळणात शिरण्याची सगळी सवय बदलावी लागते.

२०२३ मध्ये जेट लॉरेन्सने २२ पैकी २२ मोटो घेतले, त्यालाही हेच लागू. टोमॅक त्या उन्हाळ्यात टाचेमागची शीर (अकिलीस) तुटून घरी होता. मुलाची कामगिरी कमी होत नाही, पण आकड्यासमोर उभा होता कोण, हे लिहायला रकानाच नाही.


सरासरी :

मी आकडेशास्त्र शिकवते. मोटारसायकलींचं मला फारसं कळत नाही, मुलगा वेडा आहे म्हणून रविवारी शेजारी बसून बघते. धागाकर्त्यांच्या भागाकाराबद्दल एक सांगायचंय.

तुमचा छेद फार लहान आहे. २, ४, ५, ७. छेद इतका लहान असला की त्यात एकाची भर पडली तरी उत्तर कोसळतं. स्टुअर्टला अजून एक विजेतेपद मिळालं असतं तर २५ चे १६.७ झाले असते. म्हणजे तुमच्या दोन गटांमधली दरी ही स्वभावातली दरी आहे की चार-दोन गुणांची, हे आधी तपासायला हवं. ज्या हंगामांत हे तिघं दुसरे आले, तिथे अंतर किती होतं, हे वहीत आहे का?


मातीचा_वास :

ताई, वहीत आहे, आणि काढून बघितल्यावर मी बराच वेळ पेन खाली ठेवून बसलो.

रीड : २००३ मध्ये ८ शर्यती जिंकला, शेवटच्या सहा तर ओळीने. कार्मायकल ७ जिंकला. विजेतेपद कार्मायकलला, ७ गुणांनी. पुन्हा २०११ मध्ये स्वतःचा संघ काढून उतरला आणि व्हिलोपोटोच्या मागे फक्त ४ गुणांनी राहिला. दोन्ही मिळून ११ गुण. ते इकडचे तिकडे झाले असते तर रीडची चार विजेतेपदं होतात आणि भागाकार बरोबर ११ येतो. म्हणजे तो थेट मॅकग्राथच्या शेजारी बसतो.

स्टुअर्ट : २००६ मध्ये ८ विजय, कार्मायकल ६. विजेतेपद कार्मायकलला, २ गुणांनी.

टोमॅक : २०१७ मध्ये ९ विजय. डन्जी ३. नऊ विरुद्ध तीन! विजेतेपद डन्जीला, ३५९ विरुद्ध ३५४. आणि लगेच २०१८ मध्ये टोमॅक ८, जेसन अँडरसन ४, विजेतेपद अँडरसनला.

तुमचं म्हणणं बरोबर आहे. दरी मी समजत होतो तेवढी खोल नाही.


पहिला_गिअर :

२०१७ चं मला अजून लख्ख आठवतंय. शेवटून दुसरी फेरी, ईस्ट रदरफर्ड. टोमॅक ३ गुणांनी पुढे होता. सुरुवातीलाच पडला, घाईघाईत उठला, पुन्हा चुकला, आणि आठवा आला. डन्जी जिंकला. पहिल्याला २५, आठव्याला १३. एका रात्रीत ३ गुणांची आघाडी गेली आणि ९ गुणांची पिछाडी आली. लास वेगासला शेवटच्या फेरीत टोमॅक डन्जीला मागे दाबून धरायचा प्रयत्न करत राहिला, म्हणजे मधे आणखी कुणी घुसेल आणि डन्जीचे गुण कापले जातील. टोमॅक दुसरा, डन्जी चौथा. ९ चे ५ झाले, पण ५ उरलेच. त्यानंतर काही दिवसांतच डन्जीने निवृत्ती जाहीर केली.

डन्जीला कंटाळवाणा म्हणणाऱ्यांनी एवढंच बघावं, सलग ३१ सुपरक्रॉस शर्यतींत हा माणूस पहिल्या तिघांत होता. एकतीस! पहिल्या वळणावर २२ गाड्या एका गाडीच्या वाटेत घुसतात. त्यातून ३१ वेळा सुटायचं म्हणजे नशीब नव्हे.


अ‍ॅनाहाइमकर :

मी गेली अकरा वर्षं दक्षिण कॅलिफोर्नियात आहे. आमच्याकडे जानेवारीत मंडळाचं हळदीकुंकू आणि अ‍ॅनाहाइमचा सुपरक्रॉस एकाच शनिवारी आला की घरात बोलाचाली होते. आता बायकोच म्हणते की मुलाला घेऊन जा.

आकड्यांत न दिसणारी एक गोष्ट सांगतो. बेसबॉलच्या मैदानावर ट्रकांनी माती आणून ओततात आणि काही दिवसांत ट्रॅक उभा करतात. वरून टीव्हीवर उड्या छोट्या वाटतात. मी पहिल्यांदा खालच्या रांगेत बसलो तेव्हा तिहेरी उडीचा चढ माझ्या डोक्याच्या कितीतरी वर होता. बाकीचे रायडर चढावरून सरळ वर जायचे, हवेत तरंगायचे, खाली यायचे. स्टुअर्ट चढाच्या तोंडावरच गाडी आडवी पाडायचा, इतकी की हँडलचं टोक मातीला लागेल असं वाटे, आणि हवेत बाकीच्यांच्या निम्म्या उंचीवरून पुढे निघून जायचा. मागचं चाक सगळ्यांच्या आधी जमिनीला लागायचं आणि इंजिनाचा आवाज सगळ्यांच्या आधी पुन्हा चढायचा. डोळे मिटले तरी कोण चाललंय ते कळत होतं. आज सगळे रायडर तशी उडी मारतात. ते त्याने शिकवलं. ५० या आकड्यात हे कुठे बसवायचं?


कोल्हापुरी_क्लच :

अ‍ॅनाहाइमकर, जिवाला बरं वाटलं बघा वाचून!


मातीचा_वास :

क्लच, आता तुमच्या माणसाचं वर्षवार देतो, कारण त्यातून जे दिसतं ते बेरजेत दिसत नाही. २००५ पासून ओळीने : ३, ८, १३, १, ११, १, ५, २, १, ५. बेरीज ५०. पण ५० पैकी ३२ विजय फक्त तीन हंगामांतले आहेत. मधे जिथे जिथे १ दिसतो तिथे दुखापत आहे. २००८ ला गुडघा, २०१० ला मनगट.

आता कार्मायकल बघा. २००० ला १, मग १४, ११, ७, पुढे २००४ कोरं, मग ७, ६ आणि निवृत्तीच्या वर्षी मोजक्याच शर्यती चालवून २. बेरीज ४८. २००१ मध्ये मॅकग्राथने दोन जिंकल्या आणि उरलेल्या चौदाही कार्मायकलने. त्यातल्या १३ सलग, मॅकग्राथच्या १९९६ च्या विक्रमाइतक्या. एका माणसाची सत्ता संपून दुसऱ्याची सुरू झाल्याचं इतकं स्वच्छ चित्र मी दुसऱ्या कुठल्याही खेळात पाहिलेलं नाही.

मॅकग्राथ : १०, ९, १०, १४, २, ७, ८, १०, २. बेरीज ७२. मधला २ म्हणजे १९९७, गाडी बदलली ते वर्ष. १९९६ ला १५ पैकी १४ जिंकला होता, उरलेली एक सेंट लुईसची, जेफ एमिगने घेतली, आणि पुढच्या वर्षीचं विजेतेपदही एमिगचंच.

व्हिलोपोटो : २, ७, ६, ९, १०, ७. सहाच हंगाम आणि ४१. आठ हंगाम करणाऱ्या डन्जीचे ३४. हंगामामागे सरासरी काढली तर मॅकग्राथनंतर व्हिलोपोटोच येतो असं माझं मत झालंय, आणि त्याचं नाव या वादात सगळ्यात कमी घेतलं जातं याचं मला खरंच वाईट वाटतं.


लिम्बर्गवासी :

बेल्जियमहून लिहितेय. धागा उत्तम आहे, पण तुम्ही सगळे अमेरिकेतच अडकलाय. मोटोक्रॉसची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा आमच्या इकडची, आणि मी राहते त्या लिम्बर्ग प्रांतात ती घराघरात बोलली जाते.

तुमचा भागाकार इकडे लावून बघितला. स्टीफन एव्हर्ट्स, १०१ ग्रां प्री (जागतिक स्पर्धेतली एकेक फेरी) विजय आणि १० जागतिक विजेतेपदं, म्हणजे १०.१. सिसिलीचा अंतोनियो काइरोली, ९४ आणि ९, म्हणजे १०.४. जोएल रोबेर, ५० आणि ६, म्हणजे ८.३. आणि कार्मायकलचं आउटडोअर लावा, १०२ विजय, १० राष्ट्रीय विजेतेपदं, १०.२. पुन्हा सगळे दहाच्या आसपास!

आणि मग जेफ्री हर्लिंग्स. २०२३ मध्ये स्पेनला त्याने १०२ वा विजय मिळवून एव्हर्ट्सला मागे टाकलं. विजेतेपदं पाच. वीसच्या वर.

हर्लिंग्सचे पाच पाहून त्याला कमी समजणाऱ्यांना मी २०१४ सांगते. लहान वर्गात तो शंभराहून जास्त गुणांनी पुढे होता, हंगाम संपत आलेला. मदतनिधीसाठी भरवलेल्या एका शर्यतीत उतरला आणि मांडीचं हाड मोडलं. शेवटच्या फेरीला, मेक्सिकोला, ते हाड पुरतं जुळायच्या आत गाडीवर बसला, कारण थोडे गुण मिळाले असते तरी पुरले असते. ४ गुण कमी पडले. विजेतेपद फ्रान्सच्या जॉर्डी टिक्सिएला. पुढे २०१८ मध्ये मोठ्या वर्गात याच हर्लिंग्सने १७ ग्रां प्री जिंकल्या. कॉलरबोन मोडल्यामुळे एका फेरीला येऊ शकला नाही, तरी विजेतेपद त्याचंच.

आमच्याकडे लोम्मेलला वाळूचा ट्रॅक आहे. सकाळी सपाट असतो, दुपारच्या दुसऱ्या मोटोपर्यंत त्यात कंबरेएवढे खड्डे पडतात. तिथे कुंपणाला टेकून मी हर्लिंग्सला पाहिलंय. बाकीचे खड्ड्यात उतरून वर येतात, हा एका खड्ड्याच्या कडेवरून दुसऱ्याच्या कडेवर जातो, मागच्या चाकावर, गॅस न सोडता. शेजारचे आजोबा म्हणाले की त्यांनी त्याच जागेवर उभं राहून एव्हर्ट्सलाही पाहिलंय, एव्हर्ट्स बहुतेक वेळ उभाच राहून चालवायचा आणि त्याचा आवाजच यायचा नाही. दोघांत कोण मोठा विचारलं तर त्यांनी बराच वेळ उत्तर दिलं नाही. मग म्हणाले, एव्हर्ट्सला मी फार कमी वेळा पडताना पाहिलं.


सरासरी :

लिम्बर्गवासी, त्या आजोबांनी माझ्या विषयाचं काम एका वाक्यात केलं.

दहाच्या आसपास इतके जण जमणं हे योगायोगाचं नाही, पण त्याचं कारण साधं असावं. हंगाम १५-१७ फेऱ्यांचा, विजेता बहुतेकदा त्यातल्या सात ते दहा जिंकतो, आणि विजेतेपद न मिळालेल्या हंगामांतले दोन-चार विजय वर जोडले जातात. म्हणजे १० ही ज्याची हुकमी वर्षं एकसंध गेली त्याची खूण आहे. २० च्या वर गेलेल्याची हुकमी वर्षं तुटक आहेत. पुढचा प्रश्न, ती कशाने तुटली.


हाडवैद्य :

त्याचं उत्तर माझ्याकडे रोज येतं. मी फिजिओथेरपिस्ट आहे, नाशिकला. मातीत गाडी चालवणारी पोरं येतात, त्यातल्या बऱ्याच जणांचा गुडघ्यातला पुढचा आडवा बंध, ज्याला सगळे एसीएल म्हणतात, तुटलेला असतो. कारण ठरलेलं. वळणात आतला पाय पुढे टाकलेला असतो, बुटाची टाच मातीत अडकते, गाडी पुढे जाते आणि गुडघा मागे राहून पिळला जातो. पडायचीही गरज नसते.

कार्मायकलचं २००४ चं सुपरक्रॉस कोरं आहे असं वर लिहिलंय ना, ते याच बंधामुळे. नवा बंध बसवल्यावर तो हाडात नीट रुजायला महिने लागतात आणि मांडीचा स्नायू पहिल्यासारखा व्हायला त्याहून जास्त. हा माणूस त्याच उन्हाळ्यात परत आला आणि २४ पैकी २४ मोटो जिंकला. माझ्या व्यवसायातला माणूस या आकड्याकडे शर्यतीचा आकडा म्हणून बघूच शकत नाही.

सांगायचा मुद्दा असा की दुखापत म्हणजे निव्वळ दुर्दैव, असं धरून तिला हिशेबाबाहेर काढू नका. डन्जी ३१ वेळा पहिल्या तिघांत राहिला त्यात त्याची न पडण्याची कला आहे. पण उलट टोकही धरू नका. टोमॅकच्या टाचेची शीर पडून तुटली नाही. उडीवरून उतरताना तुटली, पुढे चाललेला असताना. त्यात बेफिकिरी कुठे आहे?


पहिला_गिअर :

रीडबद्दल कुणीच बोलत नाहीये म्हणून लिहितो. त्याची दोन्ही विजेतेपदं, २००४ आणि २००८, लोक तिरप्या नजरेने बघतात, कारण एकदा कार्मायकल बाहेर होता आणि एकदा स्टुअर्ट. पण २६५ मेन इव्हेंट! मोठ्या वर्गात इतक्या वेळा सुरुवातीच्या गेटमागे कुणीच उभं राहिलेलं नाही. त्यातल्या १३२ वेळा पहिल्या तिघांत, म्हणजे जवळपास निम्म्या. ऑस्ट्रेलियातल्या कुरी कुरी नावाच्या गावातून युरोपात गेला, तिथून अमेरिकेत. कार्मायकलशी लढला, स्टुअर्टशी लढला, व्हिलोपोटोशी लढला, आणि २०२० पर्यंत टोमॅकबरोबर गेटवर होता. बाकीचे एकेका पिढीचे आहेत. या सगळ्यांना एका मापाने मोजायचं असेल तर ते माप रीड आहे, कारण या चौघांविरुद्धही तो चाललाय.


सरासरी :

हे फार चांगलं सुचलं तुम्हाला. वेगवेगळ्या काळातले खेळाडू तोलताना आम्ही असाच दुवा शोधतो. दोघं कधी समोरासमोर आले नसतील तर दोघांशी खेळलेला तिसरा गाठायचा.


अ‍ॅनाहाइमकर :

दुवे अजून आहेत. २०१७ च्या ऑगस्टमध्ये हर्लिंग्स इंडियानातल्या आयर्नमन ट्रॅकवर, अमेरिकन आउटडोअरच्या शेवटच्या फेरीला पाहुणा म्हणून आला आणि दोन्ही मोटो जिंकून गेला. दुसऱ्यात तर पार मागून. टोमॅक त्या दिवशी विजेतेपद सांभाळून चालवत होता हे खरं, म्हणून मी त्यावरून निकाल देणार नाही. उलट दिशेने व्हिलोपोटो २०१५ मध्ये युरोपात गेला, थायलंडची ग्रां प्री जिंकला, आणि चौथ्या फेरीत इटलीत आदळून माकडहाड दुखावून घेतलं. कारकीर्द तिथेच संपली.

आणखी एक. सुपरक्रॉसचा विजय आणि आउटडोअरचा विजय यांची बेरीज करून कार्मायकलचे १५० सांगतात, ते मला खटकतं. सुपरक्रॉसला एका रात्रीत एकच मेन इव्हेंट, वीस मिनिटं आणि एक फेरा. आउटडोअरला चाळीस गाड्या, तीस मिनिटं आणि दोन फेऱ्यांचे दोन मोटो, आणि दिवसाचा विजेता दोन्हींच्या गुणांवर. पहिल्यात दुसरा आणि दुसऱ्यात पहिला आलेला माणूस पहिल्यात पहिला आणि दुसऱ्यात दुसरा आलेल्याच्या वर जातो, कारण गुण सारखे झाले की दुसरा मोटो बघतात. शिवाय २०१८ पासून सुपरक्रॉसमध्ये काही फेऱ्या ट्रिपल क्राउनच्या असतात. तीन छोट्या शर्यतींचा एकत्र निकाल, त्यात एकही शर्यत न जिंकता रात्र जिंकता येते. मॅकग्राथच्या काळात असा विजय नव्हता.


मातीचा_वास :

बेरजेचं मान्य. माझ्या वहीत दोन्ही वेगळ्या पानांवर आहेत आणि तशीच राहतील. मॅकग्राथचं दुसरं पान जवळजवळ रिकामं आहे, आउटडोअरचं एकच विजेतेपद, १९९५ चं. दोन्ही पानं भरलेला कार्मायकल. म्हणून मला विचाराल तर पहिला तोच. १९९१ ला ज्यां-मिशेल बायलने सुपरक्रॉस, २५० आणि ५०० अशी अमेरिकेतली तिन्ही विजेतेपदं एकाच वर्षात घेतली होती. पण तो लवकरच डांबरी ट्रॅकवरच्या शर्यतींकडे वळला, त्यामुळे त्याचं पान सुंदर असूनही अर्ध्यावर थांबतं.


कोल्हापुरी_क्लच :

आणि आपल्याकडचं काय? जानेवारी २०२४ ला पुण्यात बालेवाडीला इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली फेरी झाली. मी एसटीने गेलो होतो, सकाळच्या पहिल्या गाडीने. त्या लीगमध्ये हा टिक्सिए चालवायला आला होता! लिम्बर्गवासी ताईंचा प्रतिसाद वाचेपर्यंत मला तो फक्त ‘फ्रान्सचा जगज्जेता’ एवढाच माहीत होता. त्या ४ गुणांची गोष्ट ठाऊक असती तर त्याच्याकडे वेगळ्या नजरेने बघितलं असतं.

आमच्या रांगेत एक दहा-बारा वर्षांची मुलगी होती, वडिलांबरोबर. वहीच्या पाठकोऱ्या पानावर प्रत्येक फेऱ्याला कोण कितवा ते लिहीत होती. मधेच पेन्सिलीचं टोक मोडलं तेव्हा दाताने कोरलं, पण फेरा सोडला नाही.


हाडवैद्य :

तिला हा धागा दाखवायला हवा.


सरासरी :

धागाकर्ते, एक सुचवू का? विजय आणि विजेतेपदांच्या शेजारी तिसरा रकाना घ्या. हंगामात एकूण फेऱ्या किती झाल्या आणि रायडर गेटवर किती वेळा उभा राहिला. मग पूर्ण हंगाम चालवून हरलेला आणि अर्ध्यात उचलून नेलेला, हे दोघं एकाच आकड्यात मिसळणार नाहीत. नाहीतर टोमॅकचं २०१७ आणि २०२३ सारखंच दिसेल.


मातीचा_वास :

ताई, कालच घेतला. नवी वही आडवी धरून पुन्हा रेघा मारल्या, कारण उभ्या पानात रकाना बसेना.

टोमॅकच्या पानावर २०१७ समोर १७ पैकी १७ आलं. नऊ विजय, पाच गुणांनी दुसरा. ते त्याचं हरणं आहे, आणि पाच वर्षांनी, २०२२ मध्ये, त्याने तेच विजेतेपद सात विजयांसह घेऊन दाखवलं.

२०२३ समोर १७ पैकी १६. सात विजय. सोळावी फेरी डेन्व्हरची, कोलोरॅडोत, म्हणजे त्याच्या घरच्या लोकांसमोर. आघाडी १८ गुणांची, शर्यतीतही तोच पुढे. एका उडीवरून उतरला, वेग कमी केला आणि गाडी कडेला घेतली. पडला नाही. चेस सेक्सटन विजेता झाला. मी तेव्हा जुन्या वहीत विजेतेपदाच्या चौकटीत नुसती आडवी रेघ मारली होती, हरलेल्या प्रत्येकासमोर मारतो तशीच. नव्या वहीत ती रेघ उतरवली नाही, चौकटीत बारीक अक्षरात ‘डेन्व्हर, टाच’ असं लिहिलंय.

आज हर्लिंग्सचं पान उघडतोय. लिम्बर्गवासी, २०१९ पासून पुढे त्याच्या कुठल्या फेऱ्या बुडाल्या ते तुमच्याकडे वर्षवार असेल तर टाका, मी थांबतो.